दुखतंय म्हणजे जुळतंय

बसरीहाळच्या मैलारप्पाच्या ओट्यावर हाड मोडलेलं माणूस आलं, की त्याच्याबरोबर एक नारळ येतो, एक अंडं येतं आणि एक धट्टाकट्टा सोबती येतो. नारळ बीरप्पा देवाला, अंडं लेपात, आणि सोबती कशाला ते हाड ओढताना कळतं.

मैलारप्पाचं घराणं धनगराचं. त्याच्या पणज्यानं आधी मेंढ्यांचे पाय बांधले, मग माणसांचे. मेंढीत एक गुण असतो, ती तक्रार करत नाही. माणूस करतं. म्हणून त्या पणज्यानं माणसांसाठी एक वाक्य काढलं आणि ते पाच पिढ्या चाललं: "दुखतंय म्हणजे जुळतंय." बांबूच्या कामट्या आवळल्या, वरून काळ्या लोकरीचा दोरा गुंडाळला, गाठीचं टोक तिसऱ्या कामटीखाली दडवलं, की कपाळाला भंडारा लावून दुखणाऱ्याचा चांगला हात बीरप्पाच्या दगडावर ठेवायचा. त्यानं म्हणायचं, अकरा दिवस सोडणार नाही, आणि सोडीन तर याच घराच्या हातानं. एवढं झालं की घरातलं एखादं लहान लेकरू पुढं येऊन ते वाक्य म्हणायचं. लेकराच्या तोंडून ऐकलं की माणसाला धीर येतो.

सात-आठ वर्षं ते लेकरू म्हणजे कनका होती. परकराचा ओचा धरून, नाक ओढत, मोठमोठ्या गड्यांना ती सांगायची, "दुखतंय म्हणजे जुळतंय," आणि गडी डोळे पुसत हसायचे. पट्टी मात्र तिच्या हातात कुणी दिली नाही. लेक परक्या घरी जाते आणि जाताना विद्या घेऊन जाते, म्हणून त्या घरात लेकींनी लेप घोटायचा, गाठीला हात लावायचा नाही.

तीच कनका आता डॉक्टर झाली होती. हुबळीच्या कॉलेजात साडेपाच वर्षं काढून, परीक्षेत बरा नंबर काढून त्या रविवारी घरी आली होती. पुढं कशाची डॉक्टर व्हायचं, त्याची यादी फोनवर भरायची होती. पहिलं काय हवं, दुसरं काय हवं असं ओळीनं लिहायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत कुलूप घालायचं. एकदा कुलूप पडलं की देवानं सांगितलं तरी उघडत नाही.

घरात याची चर्चाच नव्हती. मैलारप्पाची नात हाडाची नाही तर कशाची डॉक्टर होणार? कनकाचा बाप ती लहान असतानाच गेला होता आणि काका फकीरप्पाला मूलबाळ नव्हतं. अज्जाचे, म्हणजे मैलारप्पाचे, हात दोन वर्षांपासून थरथरत होते, तो आता नुसता बसून लोकरीचा दोरा कातायचा आणि पट्टी एकटा काकाच बांधायचा. म्हणजे विद्या जाणार ती कनकाच्याच हाती, आणि तीही सरकारी शिक्का घेऊन. अज्जानं ठरवलं होतं की कुलूप त्याच्या अंगठ्यानं पडेल, रविवारची बीरप्पाची पूजा झाली की. सकाळपासून त्यानं तो अंगठा दोनदा चिंचेनं घासला होता.

"एवढा घासू नका, झिजेल," चुलीपुढं भाकरी थापत कनकाची आई निंगव्वा म्हणाली. "मतदानाला लागतो अजून."

"तू भाकरी बघ," अज्जा म्हणाला. "कनका, पहिल्या नंबराला हाडच लिहिलंस ना? नाही तर चुकून दुसरंच काही."

"लिहिलंय अज्जा," कनका म्हणाली आणि पितळी तांब्याकडं बघत बसली.

लिहिलं नव्हतं. पहिल्या नंबराला तिनं कातडीच्या रोगांचा विभाग लिहिला होता, दुसऱ्याला डोळ्यांचा. हाडं खाली कुठंतरी तेराव्या नंबरावर होती. घरात इंग्रजी कुणाला वाचता येत नव्हतं. अज्जा आपला चिंचेनं उजळलेला अंगठा टेकवणार आणि त्याच्याच अंगठ्यानं त्याच्या घराण्याला कुलूप पडणार, असा तो बेत होता. लेक घरात खोटं बोलली की बाहेर सत्यवादी होते म्हणतात. कनकाच्या बाबतीत तेही खरं नव्हतं.

कारण आठ महिन्यांपूर्वी कॉलेजच्या दवाखान्यात एक मेंढपाळ आणला होता. गुड्डप्पा त्याचं नाव, विशीबाविशीचा. बोटं करपलेल्या भाकरीसारखी काळी पडलेली. मोठ्या डॉक्टरांनी कनकाला पट्टी कापायला सांगितली. कामट्या निघाल्या, वरचा काळा लोकरीचा दोरा निघाला आणि तिसऱ्या कामटीखाली दडवलेलं गाठीचं टोक तिच्या बोटांत आलं.

"हे बांधणारा कोण आहे, कुणाला माहीत आहे का?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. "त्याला जाऊन सांगायला हवं. नाही तर असे आणखी येतील."

गुड्डप्पा शुद्धीवर नव्हता. त्याची आई शपथेच्या धाकानं बांधणाऱ्याचं नाव घेईना. आणि कनका. आपलेच दात, आपलेच ओठ. ती गप्प बसली. हात कोपराखालून कापावा लागला. दोऱ्याचा तुकडा तिनं खिशात टाकला, का टाकला ते तिलाही कळलं नाही. दसऱ्याला घरी आली तेव्हा काका सहज बोलून गेला, "तो मेंढ्यावाला गुड्डप्पा पट्टी सोडायला आलाच नाही. बरा झाला असेल." त्या ओट्यावरचा हिशेब असाच होता. जो परत आला नाही तो बरा झाला.

तेव्हाही ती गप्प बसली. त्या दिवसापासून तिला हाडांच्या विभागाचा जिना चढवेना. आपल्याला हाडांपासून लांब जायचंय, एवढं एकच तिनं ठरवलं. कातडीच्या रोगात काळी लोकर येत नाही.

साडेदहाच्या सुमारास ओट्यावर आवाज आला.

"फकीरण्णा, जरा भंडारा दे रे बाबा. हिनं रात्रभर कण्हून घराला झोपू दिलं नाही." ही हुलगेव्वा, बाजाराच्या रस्त्याला राहणारी. तिच्यामागून तिची सून दुरगव्वा आली. तिचा डावा हात पदराखाली होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता. आदल्या दिवशी चारच्या सुमाराला ब्याडगीच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीवरून ती पडली होती आणि सातला काकानं पट्टी बांधली होती.

"भंडारा काय, घे की," काका म्हणाला. "दुखतंय का? दुखणारच. दुखतंय म्हणजे जुळतंय."

"हेच मी तिला सांगतेय. मी चार बाळंतपणं काढली, शेजारणीला कळलंसुद्धा नाही. हिचं एक हाड मोडलं तर गावाला झोप नाही."

दुरगव्वा भिंतीला टेकली आणि दातांत पदर धरून नुसती झुलत राहिली. घरातून कनकाला ते झुलणं दिसलं. आरडाओरडा ऐकला की वैद्याला बरं वाटतं, माणसात दम आहे म्हणून. अशा झुलण्याबद्दल तिनं एकदाच ऐकलं होतं, गुड्डप्पाच्या आईच्या तोंडून. पहिल्या रात्री तो असाच झुलत होता, ती म्हणाली होती. मग दुखायचं थांबलं आणि आम्हाला वाटलं जुळलं.

कनका उठून बाहेर आली. "अक्का, बोटं दाखवता?"

दुरगव्वानं पदर बाजूला केला. कामट्यांच्या टोकाबाहेर पाच बोटं सुजून केळ्यांसारखी झाली होती. कनकानं एक नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. तिनं मनात आकडे मोजले, पाचावर थोडी गुलाबी आली. मग तिनं अंगठ्याशेजारचं बोट हळूच सरळ केलं, आणि रात्रभर दाबून धरलेली किंकाळी दुरगव्वाच्या तोंडून बाहेर पडली. चुलीपुढची निंगव्वा पीठ भरल्या हातानं धावत आली.

"डोळे मिटा अक्का. आता कुठल्या बोटाला हात लावलाय?"

"मधल्या."

लावला होता करंगळीला.

"तिला एरवीही कळत नाही," हुलगेव्वा म्हणाली, पण या वेळी आवाज जरा खाली होता.

"काका, पट्टी सोडायला हवी," कनका म्हणाली. "आत्ता."

"अकराव्या दिवशी."

"आत हात सुजलाय आणि बाहेरून आपण आवळलाय. रक्ताला जायला वाट नाही. अकरा दिवस कशाला, संध्याकाळपर्यंत उशीर होईल."

"चाळीस वर्षं बांधतोय मी," काका म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण हातातला भंडाऱ्याचा वाडगा त्यानं खाली ठेवला. "पुस्तकातलं पुस्तकात ठेव डॉक्टरीणबाई. या घरात पोरीच्या हातात कधी पट्टी दिलेली नाही."

"मी बांधायला मागत नाही काका. सोडायला मागतेय."

"ती शपथ आहे," हुलगेव्वा मध्ये पडली. "मागल्या साली गाडीवाल्याच्या बायकोनं घरी सोडली, हात वाकडा झाला. उद्या माझी सून वाकडा हात घेऊन बसली तर भाकरी कोण थापणार, तू?"

सगळे एकदम बोलायला लागले. त्यात दुरगव्वाचा आवाज इतका बारीक होता की ती दुसऱ्यांदा बोलली तेव्हा ऐकू आला. "बाई, बोटं गेली तर मिरचीची देठं कशानं काढू?"

ब्याडगीच्या बाजारात बायका दिवसभर बसून मिरचीची देठं काढतात. दोन बोटं आणि एक अंगठा, एवढंच त्यांचं दुकान.

"फकीरा, काय चाललंय?" अज्जा दोरा कातायची चाती हातात घेऊनच उंबऱ्यापाशी आला. त्याला कमी ऐकू यायचं, पण भांडण बरोबर ऐकू यायचं.

काकानं सांगितलं. अज्जानं ऐकून घेतलं आणि कनकाकडं पाहिलं. "नखं पाहिलीस, बोट ओढलंस. ते ठीक. पण हात जाईल असं छातीठोक सांगतेस, ते कुणाच्या भरवशावर? असा हात तू पाहिलायस?"

आता एकच शब्द म्हणायचा होता. नाही म्हटलं तर पट्टी सुटत नव्हती. हो म्हटलं तर आठ महिने पोटात ठेवलेलं बाहेर येत होतं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर, काकासमोर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण इथं मूठ दुरगव्वाची होती.

"पाहिलाय अज्जा. आपल्याच घरचा."

"कुणाचा?"

"गुड्डप्पाचा. मेंढ्यावाला."

"तो बरा झाला," काका म्हणाला. "म्हणून तर परत आला नाही पट्टी सोडायला."

"कशाला येईल काका? सोडायला हात कुठं राहिलाय त्याचा?"

काकानं विचारलं, "कशावरून आपला?"

कनका आत गेली. पिशवीच्या तळातून तिनं कागदात गुंडाळलेला दोरा काढला आणि अज्जाच्या तळहातावर ठेवला. अज्जाला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण लोकर त्याला डोळ्यांनी बघावी लागत नव्हती. त्यानं तो दोरा दोन बोटांत फिरवला, एकदा सुलटा, एकदा उलटा. मग हातातल्या चातीवरचा दोरा फिरवला. पीळ एकच होता. काका बांधायचा, पण दोरा त्यानंच कातलेला होता.

"दुरगव्वा, इकडं ये पोरी," तो म्हणाला आणि ओट्याच्या कडेला बसला.

काका पुढं झाला. "अप्पा, शपथ."

"शपथ काय आहे? याच घराच्या हातानं. माझा हात कुठल्या घरचा आहे?"

त्यानं गाठीला हात घातला. टोक तिसऱ्या कामटीखाली होतं, ते त्याला आंधळेपणीही सापडलं असतं. पण सापडणं वेगळं आणि सुटणं वेगळं. बोटं थरथरत होती, गाठ सुजेनं रुतली होती, आणि प्रत्येक थरथरीबरोबर दुरगव्वाच्या घशातून हुंकार निघत होता. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा अज्जानं हात मागं घेतला. त्यानं फकीरप्पाकडं पाहिलं. फकीरप्पा रस्त्याकडं बघत होता.

मग म्हाताऱ्यानं वाडग्यातला भंडारा चिमटीत घेतला आणि कनकाच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत फासला. लग्नात नवरीला हळद लावतात तसा.

"आता झाला घराचा," तो म्हणाला. "निंगव्वा, कात्री आण."

"गाठ कापायची?" हुलगेव्वा पुटपुटली. "सोडायची म्हणाले होते, कापायची नव्हे."

"बये, तुझी सून वाचव, मग व्याकरण बघू," निंगव्वानं कात्री देत सांगितलं.

कनकानं दोरा कापला. कामट्या एकेक उचलल्या, आतली पट्टी कातडीपर्यंत चिरली, अंड्याचा सुकलेला लेप पापडासारखा तुटला. आतला हात ताणून चकचकीत झाला होता आणि त्यावर कामट्यांच्या खुणा खोल उठल्या होत्या, शेतात नांगरानं तास काढावेत तशा. नखांत रंग थोडा परतला. हुलगेव्वानं सुस्कारा सोडला. "झालं ना मग?"

"नाही झालं." कनकानं हात दाबून पाहिला, तो लाकडासारखा घट्ट होता. "आता आतूनच आवळला गेलाय. चिरून मोकळा करावा लागेल, मोठ्या दवाखान्यात. काका, गाडी काढा."

काकाची मिरची वाहायची छोटी गाडी अंगणात उभी होती. काका हलला नाही. चाळीस वर्षं ज्याच्या अंगणात लोक गाड्या घेऊन आले, त्याच्या अंगणातून आज पहिल्यांदा गाडी उलट दिशेनं जाणार होती.

"फकीरा," अज्जा म्हणाला. एवढंच.

काकानं खुंटीवरची किल्ली घेतली.

जिल्ह्याचा दवाखाना तासाभराच्या वाटेवर. पुढं काका आणि हुलगेव्वा, मागं गोणपाटावर कनका आणि दुरगव्वा. हात फार वर नाही, फार खाली नाही, छातीच्या पातळीवर धरायचा म्हणून कनका गुडघ्यावर उशी घेऊन बसली होती. एका हातानं तिनं फोन लावून दवाखान्यात सांगून ठेवलं. गाडीत मिरचीची धूळ इतकी की दोघी शिंकत होत्या, आणि दर शिंकेला दुरगव्वा किंचाळत होती. पुढून हुलगेव्वा बीरप्पाला नवस बोलत होती, आधी एक बकरं, मग दोन. रेल्वेच्या फाटकापर्यंत तीन झाली.

फाटक बंद होतं. मालगाडी होती, लांबलचक, आणि घाई तिला नव्हती. काकानं इंजिन बंद केलं. डबे मोजावेत तसा तो समोर बघत राहिला. मग मान न वळवता, मागच्या जाळीतून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "गुड्डप्पाचा कुठला हात?"

"उजवा."

"लग्न झालं होतं का त्याचं?"

"ठरलं होतं म्हणे."

फाटक उघडलं. त्यानंतर काकानं गाडी अशी चालवली की हुलगेव्वा नवस विसरली.

दवाखान्यातला हाडांचा डॉक्टर तरुण होता, जेवणाचा डबा अर्धा सोडून आला होता. त्यानं हात पाहिला, नखं दाबली, बोट ओढलं. दुरगव्वाला आत न्यायला सांगितलं. मग त्याला तिच्या लुगड्याला चिकटलेला काळ्या लोकरीचा तुकडा दिसला. त्यानं तो उचलून समोर धरला.

"हे कुणी बांधलं?"

तोच प्रश्न. "आमच्या घरी," ती म्हणाली. "बसरीहाळला. माझ्या..."

"मी बांधलं," मागून काका म्हणाला.

डॉक्टर पाच मिनिटं बोलला. उभ्या उभ्या, चार माणसांत, सलाइन घेऊन जाणाऱ्या बायका थांबून ऐकत असताना. काकाला आजवर एवढं कुणी बोललं नव्हतं, बापही नाही. शेवटी डॉक्टर म्हणाला, "आत पाहिल्याशिवाय काही सांगत नाही," आणि दार लावून घेतलं.

तीन वाजले. साडेतीन वाजले. हुलगेव्वा बाकावर बसून सुनेची तांबड्या काठाची पिशवी छातीशी धरून होती. सकाळी जिची जीभ थांबत नव्हती ती आता एकच वाक्य घोळत होती, "सहन करते पोरगी, सांगत नाही. मला कळायला हवं होतं."

चारला दार उघडलं. हात मोकळा केला होता, जखम उघडी ठेवली होती, चार दिवसांनी शिवणार होते. हात राहणार होता. बोटं किती चालतील ते आत्ता सांगता येत नव्हतं. "अंगठा आणि दोन बोटं तरी चालतील असं वाटतं," डॉक्टर म्हणाला. या वेळी तो हळू बोलला.

"दोन बोटं आणि अंगठा," हुलगेव्वानं पुन्हा म्हटलं आणि रडायला लागली.

कनका जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. फोन काढला. सव्वाचार झाले होते. तिच्या उजव्या हाताला अजून भंडारा होता, घामानं त्याचे ओघळ झाले होते. शेजारी काका येऊन बसला, एक पायरी खाली.

"यादीचं काय झालं? अप्पाचा अंगठा राहिलाच."

"काका, यादीत हाड पहिलं नव्हतं. कातडी होती."

"कातडी म्हणजे? खरूज-नायटे?"

"हो."

"त्यात काय डॉक्टर व्हायचं? आमची चिगव्वा, धाकटी मावशी, खोबरेल लावून बरं करायची." मग त्याला कळलं. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. ते हात चांगले होते. मोडलेलं हाड कातडीवरून त्यांना दिसायचं, हे सगळं गाव मान्य करायचं. "माझ्यामुळं पळत होतीस तर."

"पळत होते. सकाळपर्यंत."

"मग पळ. कुणी अडवलंय." मग तो म्हणाला, "आणि हाडाची डॉक्टर झालीस, तर माझा ओटा बंद करशील."

"बंद केला तर लोक काय करतील काका? दवाखाना तासाभरावर, फाटक पडलं तर दोन तास. लोक तुमच्याकडं नाही तर आणखी कुणाकडं जातील, आणि त्याच्या घरात बोटं बघणारं कुणी नसेल. मला आता दुसरं काही शिकावंसं वाटत नाही. नख दाबून बघणं मी बाहेर शिकले, पण नेहमीचं दुखणं वेगळं आणि ते झुलणं वेगळं, हे मला कळलं ते ओट्यावर वाढले म्हणून."

ती यादीत उतरली. तेराव्या नंबरावरचं हाड बोटानं ओढत वर आणलं, बारा ओळी ओलांडून पहिल्यावर. काका बघत होता, जणू एखादं निखळलेलं हाड जागेवर बसतंय. पावणेपाच झाले.

"लावा अंगठा," ती म्हणाली.

"मी?"

"अज्जाचा नाही तर तुमचा. घराचाच आहे ना?"

काकानं अंगठा सदऱ्याला पुसला आणि टेकवला. काही झालं नाही. चाळीस वर्षं कामट्या आवळून त्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की फोनला तो माणसाचा वाटेना. दुसऱ्यांदा टेकवला, तरी नाही. तिसऱ्यांदा त्यानं अंगठ्याची कड लावली, आणि कुलूप पडलं.

बसरीहाळात अर्थातच सगळे म्हणाले, रक्तातच आहे, मैलारप्पाची नात दुसरं काय होणार. कनकानं कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. अज्जानं मात्र तीन दिवस अंगठा वाया गेल्याबद्दल तोंड फिरवून घेतलं.

दुरगव्वाचा हात चार महिन्यांनी कामाला लागला. करंगळी आणि शेजारचं बोट आखडलेलं राहिलं, ते राहिलंच. देठं ती पूर्वीइतकी भराभर काढत नाही. हुलगेव्वा आता तिच्या शेजारी बसते आणि आपल्या पाटीतल्या दोन ओंजळी गुपचूप तिच्या पाटीत टाकते. दुरगव्वाला ते ठाऊक आहे. तीन बकरी मात्र अजून बीरप्पाच्या खात्यात बाकी आहेत.

काका एका सोमवारी नारळ घेऊन गुड्डप्पाच्या गावी गेला. संध्याकाळी आला तेव्हा नारळ पिशवीतच होता. दुसऱ्या सोमवारी तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पिशवी रिकामी होती.

ओटा चालू आहे. कामट्या आता सैल असतात, वाकडं हाड किंवा फुगलेला हात आला की काका पट्टी न बांधता सरळ गाडीची किल्ली काढतो. शपथ अजून घेतात, पण अज्जानं तिचे शब्द बदलले: सकाळ-संध्याकाळ बोटं दाखवीन, दुखणं वाढलं तर अर्ध्या वाटेवरून परत येईन. म्हाताऱ्या माणसांना ते पटत नाही. परवा एक पाटील पायाला पट्टी बांधून घेऊन उठला, काठी टेकली आणि सवयीनं आपणच म्हणाला, "चालायचंच फकीरण्णा, दुखतंय म्हणजे जुळतंय."

काकानं त्याला खांदा दाबून खाली बसवला.

"कोण म्हणतो?" तो म्हणाला. "पाय पुढं कर. बोटं बघू दे."